छायाचित्रकाराचे कष्ट : राजा दीनदयाळ यांच्या निमित्तानें

महोत्सव म्हटला म्हणजे जुन्या चित्रांची शोधाशोध आलीच. कोणाच्या पेटींतून आजोबांच्या लग्नाचें चित्र निघतें, तर कोणाच्या भिंतीवरून एखाद्या मिरवणुकीचें. त्या चित्रांत कोण कोण उभे आहेत, हें आपण मोठ्या कौतुकानें विचारतों. परंतु तें चित्र ज्यानें घेतलें तो गृहस्थ कोण, आणि तें घेतांना त्याला काय सायास पडले, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. इतरांची आठवण राखणारा हा कारागीर स्वतः मात्र काळ्या पडद्याआडच राहतो. त्याच्या श्रमांची कांहीं ओळख व्हावी, एवढ्याच हेतूनें हिंदुस्थानांतील एका थोर छायाचित्रकाराची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

फ्रान्स देशांत दागेर याची युक्ति 1839 सालीं जगजाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ही कला आपल्या देशांत आली. मुंबईस 1854 सालीं छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं एक होत. परंतु या धंद्यांत साऱ्या हिंदुस्थानभर ज्यांची कीर्ति पसरली ते लाला दीनदयाळ. त्यांचा जन्म 1844 सालीं मीरतजवळील सरधना गांवीं एका जैन कुटुंबांत झाला. बेगम समरूनें बांधविलेल्या पवित्र मरियेच्या भव्य मंदिरामुळें हें गांव आपणां कॅथलिकांस परिचित आहेच. रुडकीच्या कॉलेजांत स्थापत्यशास्त्राचें शिक्षण घेऊन 1866 सालीं दीनदयाळ इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नकाशे काढण्याच्या कामावर लागले. 1874 च्या सुमारास त्यांनीं कॅमेरा हातीं धरला. नकाशे काढणाऱ्या माणसाची सरळ नजर आणि मोजून मापून काम करण्याची संवय पुढें त्यांस जन्मभर उपयोगी पडली.

त्या काळीं चित्र घेणें म्हणजे आजच्यासारखें बोटानें कळ दाबणें नव्हे. प्रथम काचेची पट्टी लख्ख पुसावयाची. तिच्यावर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य सर्वत्र सारखें पसरावयाचें. मग अंधारांत ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाची आणि ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें. पट्टी वाळली कीं श्रम फुकट. म्हणून चित्र घेतल्याबरोबर तिथल्या तिथें धुऊन तें उमटवावें लागे. अर्थात् छायाचित्रकार बाहेरगांवीं निघाला कीं त्याच्याबरोबर काळोखाचा तंबू, औषधांच्या बाटल्या, जड काचा, तिवई आणि स्वच्छ पाणी एवढा संसार निघे. उन्हाळ्यांत तंबूच्या आंत गुदमरून जावें, ईथरच्या वासानें डोकें दुखावें, वरून पट्टी नेहमींपेक्षां लौकर वाळावी! सिल्व्हर नायट्रेटनें बोटें काळीं पडत, आणि तो डाग कित्येक दिवस जात नसे.

अशा तयारीनें दीनदयाळ मध्य हिंदुस्थान फिरले. 1882 सालीं सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनीं बुंदेलखंडाकडील प्राचीन इमारतींची चित्रें घेतलीं, व त्यांचा ग्रंथ 1886 सालीं प्रसिद्ध झाला. सुदैवानें याच सुमारास कोरड्या पट्ट्या बाजारांत येऊं लागल्या होत्या. त्या आधींच तयार करून ठेवतां येत व चित्र घेतल्यावर सवडीनें धुतां येत. त्यामुळें तंबूचा जाच बराच कमी झाला. तथापि दुसरें एक ओझें राहिलेंच. चित्र मोठें करण्याची सोय त्या वेळीं फारशी नसल्यामुळें जेवढें चित्र पाहिजे तेवढीच मोठी काच बरोबर न्यावी लागे. वाटेंत बैलगाडीस एक धक्का बसला तर कित्येक दिवसांच्या कामाचा चुराडा!

घरीं आल्यावर निराळें काम सुरू होई. छापण्याचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकानें माखलेला असे. त्याला रुप्याच्या क्षाराचा हात देऊन काचेखालीं ठेवावयाचा आणि उन्हांत चित्र उमटेपर्यंत धरावयाचा. नंतर सोन्याच्या क्षारानें त्यास रंगत आणून हायपोच्या पाण्यानें तें पक्कें करावयाचें व पुष्कळ पाण्यांत धुवावयाचें. धुण्यांत आळस झाला तर चित्र कालांतरानें पिवळें पडून विटे. आकाश ढगाळलें कीं छपाईचें काम रखडे. पावसाळा हा या धंद्याचा वैरीच. जुन्या चित्रांतील माणसें कठोर कां दिसतात, याचेंही उत्तर येथेंच आहे. कांहीं क्षण मुळींच हालावयाचें नाहीं म्हणून मानेमागें लोखंडी आधार लाविलेला असे. अशा स्थितींत हसूं तोंडावर टिकावें कसें?

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अलीखान यांचा आश्रय मिळाल्यावर दीनदयाळांचा भाग्योदय झाला. त्यांनीं सिकंदराबादेस चित्रशाळा उघडली आणि 1896 सालीं मुंबईसही एक काढली. पडद्यांतील स्त्रियांसाठीं त्यांनीं 1892 सालीं हैदराबादेस स्वतंत्र चित्रशाळा स्थापून ती केनी-लेव्हिक नांवाच्या बाईंच्या हातीं दिली. परपुरुषासमोर येणें ज्यांस अशक्य, त्यांचे चेहरे या एका योजनेमुळें त्यांच्या लेकीसुनांस पाहावयास मिळाले. निजामांनीं त्यांस 1894 सालीं ‘राजा मुसव्विर जंग बहादुर’ हा किताब दिला आणि 1897 सालीं व्हिक्टोरिया राणीची शाही सनदही त्यांस मिळाली. काच पुसणारे, छापणारे, चित्रांस हातानें रंग देणारे अशा अनेक नोकरांचा हा कारखाना होता. चित्राखालीं नांव मात्र एका मालकाचेंच येई.

त्यांच्या चित्रांपैकीं दोन प्रकारचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. एकांत 1902 सालीं निजामाच्या राज्यांत वाघाची शिकार करून उभे राहिलेले लॉर्ड कर्झन व त्यांच्या पत्नी आहेत. दुसरीं चित्रें 1899–1900 च्या भयंकर दुष्काळाच्या वेळचीं, औरंगाबादेकडील म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडील आहेत. त्यांत दुष्काळी कामावर जमलेलीं माणसें आहेत. कॅमेऱ्यानें दोघांसही सारख्याच काळजीनें टिपलें; उजेडानें श्रीमंत आणि गरीब असा भेद केला नाहीं. भेद केला तो लेखणीनें. लाटसाहेबांचें नांव चित्राखालीं आलें आणि इतिहासांत राहिलें; दुष्काळांतील त्या मायबहिणींचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत, म्हणून आज ते केवळ चेहरे आहेत.

राजा दीनदयाळ 1905 सालीं वारले. त्यांच्या पट्ट्यांवर क्रमांक घालण्याची शिस्त होती, म्हणून त्या कचऱ्यांत न जातां ओळखतां आल्या. त्यांपैकीं दोन हजारांहून अधिक काचपट्ट्या 1989 सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें घेतल्या व तेथें त्या जतन झाल्या.

वाचकहो, या हकीकतींतून आपण एक बोध घेण्यासारखा आहे. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत गरिबांतल्या गरिबाच्या लेंकराचेंही नांव बाप्तिस्म्याच्या दिवशीं लिहिलें जातें, त्याच्या आईबापांचें व धर्ममायबापांचेंही लिहिलें जातें. मग आपल्या घरच्या चित्रांच्या बाबतींतच आपण एवढे निष्काळजी कां असावें? ज्या वृद्ध माणसांस तीं तोंडें ओळखतां येतात तीं दरवर्षीं एकेक करून आपणांतून जात आहेत. तीं आहेत तोंवर त्यांच्याजवळ बसावें, आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें नांवें, गांव आणि साल लिहून ठेवावें. छायाचित्रकारानें ऊन, अंधार आणि काच सांभाळून आपलें काम केव्हांच पुरें केलें आहे. राहिलेलें अर्धें काम आपलें आहे.