मनगटात नस दबण्याचे एक दुर्मीळ कारण: स्नायूंची वेगळी रचना

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत असेम्ब्ली लाइनवर काम करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार म्हणजे हाताला मुंग्या येणे. यात बऱ्याचदा निदान कार्पल टनेल सिंड्रोमचे होते. मनगटाची हाडे आणि त्यांवरचा जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून 9 कंडरा म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या आणि मीडियन नस जाते. सतत तीच हालचाल, कंप पावणारी यंत्रे, मधुमेह, थायरॉइडचा आजार किंवा गरोदरपण यांमुळे तिथे जागा कमी पडते आणि नस दबते.

काही मोजक्या रुग्णांत मात्र कारण जन्मापासूनचे असते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडे आत वाकवा. मधोमध उठून दिसणारी दोरी ही पामारिस लाँगस स्नायूची कंडरा. काहींना हा स्नायूच नसतो, आणि त्याने काही बिघडत नाही. एरवी याचा मांसल भाग कोपराकडे असतो. क्वचित तो उलटा, म्हणजे मनगटाकडे असतो. जोर लावून काही धरले की तो फुगतो आणि खालच्या नसेवर दाब येतो. कधी बोटे वाकवणाऱ्या स्नायूचे मांस बोगद्यात उतरलेले असते. करंगळीच्या बाजूला जादा स्नायू असेल तर अल्नर नस दबून करंगळी आणि अनामिका बधिर होतात.

नेहमीच्या कार्पल टनेलमध्ये त्रास रात्री वाढतो, हात झटकला की बरे वाटते. वय कमी, त्रास एकाच हाताला, तोही मुख्यतः जोराचे काम करताना, आणि मूठ आवळल्यावर मनगटाच्या वर फुगवटा दिसत असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. एवढ्यावरून निदान होत नाही, पण मनगटाची सोनोग्राफी करण्याइतके कारण नक्कीच आहे. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये नस दबल्याचे कळते, कशामुळे ते कळत नाही. गरज पडल्यास एमआरआय करतात.

सुरुवातीला रात्री मनगटाला पट्टी आणि कामात बदल. तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया. जादा स्नायू लक्षात न येता नुसता पट्टा कापला, तर त्रास तसाच राहू शकतो. म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट सर्जनना जरूर दाखवा. पामारिस काढल्याने पकड जाईल ही भीती नको. दुसरीकडे जोडण्यासाठी सर्जन हीच कंडरा अनेकदा वापरतात.

हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी खड्डा पडू लागला, तर सुट्टी मिळेपर्यंत थांबू नका. फार काळ दबलेली नस पूर्ण सुधारेलच असे नाही. ईएसआय कार्ड असल्यास दवाखान्यातून चिंचवडच्या मोहननगर रुग्णालयाचे रेफरल मागा.