रंग वाळण्याचा इतिहास

आमच्या साताऱ्याच्या घराच्या अंगणात १९७५ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या नावात 'फियाट' हा शब्द उरलेला नव्हता, तरी महाराष्ट्राने तिला जन्मभर फियाटच म्हटले, आणि आम्हीही येथे तसेच म्हणणार आहोत. गेल्या हिवाळ्यात तिच्या पुढच्या उजव्या मडगार्डावर गंजाचा फोड उठला. तो खरवडताना रंगाचे तीन थर उघडे पडले. तिन्ही निळेच; पण तळचा फिकट, मधला गडद आणि वरचा यांमधला, काहीसा मेणचट. मोटारीचा रंग बदलला की आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. ती दगदग नको म्हणून आमच्या वडिलांनी निळा तो निळाच ठेवला होता. नाण्याएवढ्या त्या जागेकडे पाहता पाहता आमच्या लक्षात आले, की हे तीन थर केवळ छटेने वेगळे नाहीत. ते वाळले तीन निरनिराळ्या रीतींनी. आणि जुनी गाडी घरच्या घरी रंगवता येणे किंवा न येणे हे सारे त्या वाळण्यावरच अवलंबून होते.

मोटार जन्मली तेव्हा तिचा रंग घोडागाडीकडून उसना आला होता. जवसाच्या तेलात खललेले रंग आणि त्यांवर व्हार्निश, असे थरांवर थर चढवायचे, मधल्या थरांना प्युमिस दगडाने पाणी लावून घासायचे, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे. तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि ते काम त्याच्या सवडीने चालते. एक गाडी रंगवायला आठवडेच्या आठवडे लागत. इतके करून व्हार्निश उन्हात पिवळे पडे, तडकेही. हौशी मालकाला ते पुन्हापुन्हा चढवावे लागे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत असे. त्या काळेपणावरचा फोर्डचा विनोद सर्वांना ठाऊक आहे, त्यामागची भट्टी मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. ते काळे रोगण डांबराच्या जातीचे होते, भट्टीत भाजून पक्के केले जाई, आणि ते स्वस्त व टिकाऊ होते. अर्थात ज्याच्या अंगणात भट्टी नाही, त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग आले नायट्रोसेल्युलोज. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की त्याचे एक टोक तोफेच्या दारूपर्यंत पोहोचते आणि दुसरे चित्रपटाच्या फितीपर्यंत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली याच ज्वालाग्राही पदार्थाच्या फितीवर उतरला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीजवळ नायट्रोसेल्युलोज बनवण्याची प्रचंड क्षमता होती, पण ते खपवायला युद्ध उरले नव्हते. त्याचे रोगण करण्यात अडचण अशी, की द्रावण फार दाट होई. फवारता येईल इतके पातळ करावे तर रंगाचा अंश नाममात्र उरे. १९२० साली चित्रफितीच्या एका प्रयोगासाठी ठेवलेले द्रावण उन्हाळ्याच्या सुटीत पिंपात तसेच पडून राहिले आणि कामगार परतले तेव्हा ते काकवीसारखे वाहते झालेले आढळले. या अपघातातून जे रोगण पुढे आले, ते 'ड्यूको'. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना १९२३ साली ते प्रथम लागले, आणि योगायोगाने तेही निळेच होते. जनरल मोटर्सच्या केटरिंग यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. रंग यापेक्षा लवकर वाळणे शक्यच नाही, असे सांगणाऱ्या एका रंगवाल्याला त्यांनी जेवायला नेले. जेवण आटोपून तो बाहेर येतो, तर त्याला आपली गाडी सापडेना. तेवढ्या वेळात ती दुसऱ्या रंगाची झाली होती. गोष्ट खरी असो वा रचलेली, आठवड्यांचे तास झाले हे निश्चित.

फवारायची बंदूकही तेव्हा तयारच होती. ओहायोतील टोलेडो येथील डॉक्टर डीव्हिल्बिस यांनी रुग्णांच्या घशात औषध उडवण्यासाठी फवारा बनवला होता. त्यांच्या मुलाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याची रंगाची बंदूक केली. रोग्याच्या घशातून मोटारीच्या पत्र्यापर्यंतचा हा प्रवास आम्हांला फार आवडतो.

आपल्याकडे 'ड्यूको' हा शब्द कंपनीच्या हातून केव्हाच निसटला आणि सामान्यनाम झाला. आजही फर्निचरवाला "ड्यूको करायचा का पॉलिश?" असे विचारतो, तेव्हा त्याला ना ड्यूपाँ आठवत असते ना ओकलंड. बंदुकीने मारलेला गुळगुळीत रंग, एवढाच त्याचा अर्थ. शब्द असा देशी होतो तेव्हा त्यामागे बहुधा एखादा कारागीर असतो. आमच्या बाबतीत तो १९८८ साली दिवाळीनंतर भाड्याचा कॉम्प्रेसर हातगाडीवर घालून आमच्या अंगणात आला. वडील त्यांना 'मिस्त्री' म्हणत, आम्ही मुले 'मिस्त्रीकाका'.

दिवाळीनंतरच का, हे त्यांनी आम्हांला पहिल्याच दिवशी सांगितले. "पावसात मारला तर रंगाला दूध सुटतं." दूध सुटणे म्हणजे काय, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवा दमट असेल तर तिच्यातील बाष्प ओल्या रंगावर दवासारखे उतरते. निळ्यावर पांढुरकी झाक चढते. मिस्त्रीकाकांना बाष्पीभवनाची उष्णता हा शब्द ठाऊक नव्हता, कोकणातले काम मात्र ते मे महिन्यानंतर घेत नसत.

पहिले चार दिवस रंगाचा थेंबही उडाला नाही. जुना रंग खरवडला, गंज घासला, रेड ऑक्साइड मारले, खड्ड्यांत लांबी भरली. लांबी पातळ पातळ थरांत भरायची आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. जाड भरली की पुढे बसते आणि रंग चढल्यावर खळगा दिसतो. मग वॉटर पेपर आणि पाण्याची बादली. घासताना ते डोळे मिटून घेत आणि उलटा तळवा पत्र्यावरून फिरवत. "डोळा फसतो, हात फसत नाही," हे त्यांचे वाक्य. काचांवर वर्तमानपत्रे चिकटवली गेली. मागच्या काचेवरच्या अग्रलेखावर निळे ठिपके पडत गेलेले आम्हांला अजून आठवतात. शेवटी अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली, स्वयंपाकघरातला स्टोव्ह विझवायला लावला (थिनरची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत सरकते, आणि ज्योत शोधते) आणि बंदूक हाती घेतली.

रंग मारून झाला तेव्हा आम्ही निराश झालो. गाडी निळी झाली होती, चमकत नव्हती. पाटीवरच्या खडूसारखी मंद दिसत होती. वडिलांनीही जरा साशंकपणे विचारले, "मिस्त्री, हे असंच राहणार?" त्यावर ते हसले आणि म्हणाले, "साहेब, अजून रंग कुठं झालाय?"

या उत्तरात लॅकरचा सारा इतिहास आहे, असे आम्हांला आज वाटते. लॅकर केवळ थिनर उडून वाळते. ते इतक्या लवकर वाळते, की पसरून सपाट व्हायला त्याला उसंत मिळत नाही. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा तसाच गोठतो आणि प्रकाश विस्कटतो. चमक बंदुकीतून येतच नाही, ती नंतर हाताने काढावी लागते. मिस्त्रीकाकांनी आठवडाभर थांबून अधिकाधिक बारीक वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात गाडी घासली, मग रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन एकेक वीत जागा रगडली, आणि तिसऱ्या दिवशी बॉनेटमध्ये आमच्या दारातला पारिजात दिसू लागला. कारखान्यांना नेमका हाच घामाचा भाग परवडेना, म्हणून लॅकर पुढे मागे पडले. गरिबाला मात्र तो परवडत होता, कारण घाम घरचा होता. शिवाय लॅकर आपल्याच थिनरमध्ये पुन्हा विरघळते, त्यामुळे नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. एका दाराला ओरखडा गेला तर तेवढाच भाग भरता येतो. जमीन सारवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागले नसते.

वरचा मेणचट थर १९९९चा, रस्त्याकडेच्या एका गॅरेजातला. तो सिंथेटिक एनॅमल. अल्किड राळेचा, १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेला. हा रंग पसरतो, स्वतःच चमकतो, दोन हातांत काम उरकतो. पण तो पुन्हा तेलासारखा हवेतील प्राणवायू घेत सावकाश पक्का होतो आणि तोवर रस्त्यावरचे प्रत्येक चिलट त्यात आत्महत्या करते. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. आमची चूक मात्र लिहिण्याजोगी आहे. २००९ साली आम्ही मिस्त्रीकाकांच्या आठवणीवर विसंबून, स्वतः बंदूक भाड्याने आणून, याच उजव्या मडगार्डावर लॅकर मारले, एनॅमलवर. लॅकरचा जहाल थिनर खालच्या थरात शिरला, तो थर फुगला आणि दहा मिनिटांत सगळे मडगार्ड सायीसारखे सुरकुतले. लॅकरवर एनॅमल चालते, एनॅमलवर लॅकर चालत नाही. हे वाक्य मिस्त्रीकाकांनी नक्कीच कधीतरी उच्चारले असणार, पण तेव्हा आमचे लक्ष बॉनेटमधल्या पारिजाताकडे होते. त्या सुरकुत्या आम्ही घासून कशाबशा झाकल्या; गंजाचा फोड आज तेथेच उठला आहे.

आजचा रंग तिसऱ्या रीतीने वाळतो. रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. क्लिअरमध्ये हार्डनर मिसळला की दोन्हींची रासायनिक गाठ बसते. १९८०च्या दशकात जगभर रूढ झालेली ही पद्धत गुणांनी निर्विवाद श्रेष्ठ आहे: चमक बंदुकीतूनच येते आणि पेट्रोलच्या थेंबालाही दाद देत नाही. परंतु त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि मोटारी रंगवणाऱ्यांना त्यांच्यामुळे जडणारा दमा हा वैद्यकात सुपरिचित व्यवसायजन्य रोग आहे. त्याचा वास सावध करील इतका तीव्र नसतो. एकदा शरीराने धास्ती घेतली की पुढे अल्पशी मात्राही पुरते. येथे तोंडाला बांधलेला रुमाल हे निव्वळ समाधान आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंद खोली लागते. म्हणजे ज्या क्षणी रंग निर्दोष झाला, त्याच क्षणी तो अंगणातून गेला. लॅकरचा काळ निर्धोक होता, असे आम्ही म्हणत नाही. त्या टोल्विनच्या वाफा मिस्त्रीकाकांनी जन्मभर उघड्या नाकाने ओढल्या, आणि जुन्या पिवळ्या-लाल रंगांत सर्रास शिशाचे क्रोमेट असे. भारतात २०१६च्या नियमांनी शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घातली ती घरगुती व शोभेच्या रंगांपुरती. जुनी गाडी कोरडी घासू नये, पाण्यानेच घासावी, ही मिस्त्रीकाकांची शिस्त त्यांच्या नकळत शहाणपणाची होती.

पॉलिशचा अर्थही या दरम्यान उलटला. लॅकरच्या काळात घासणे ही रंगकामाची शेवटची पायरी होती आणि घासता यावे म्हणून मुद्दाम जादा हात मारलेले असत. आज क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून कमी, आणि प्रत्येक बफिंग त्यातून काही मायक्रॉन कायमचे काढून नेते. ओरखडा भरत नाही. त्याच्या भोवतालची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणली जाते, एवढेच. मेणाचे काम वेगळे. ब्राझीलच्या कार्नाउबा ताडाच्या पानांवरचे मेण काही काढून नेत नाही, वर बसते आणि धुतल्या जाते. बाजारात मात्र दोन्ही डबे 'पॉलिश' याच नावाने शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि दर रविवारी कंपाउंडने गाडी चकाकवणारा मालक काही वर्षांत कडांवर रेड ऑक्साइडपर्यंत पोहोचतो. आमच्या डाव्या दाराच्या वरच्या कडेला हेच झाले आहे. वडिलांचा हात नेमका तेथे जास्त फिरे.

२०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांना विंटेज म्हणून नोंदवण्याचे नियम केले. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट. आमची फियाट वयाने तेथे पोहोचली आहे. स्नेही सांगतात, सगळा रंग उतरवा आणि क्लिअर कोट मारून नवी करून घ्या. संग्राहकांचे एक मत असेही आहे, की मूळचा रंग एकदाच असतो, तो कितीही झिजलेला असो. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण मधला गडद निळा थर कोणाच्याच हिशेबात नाही. तो कारखान्याचा नाही म्हणून अस्सल नाही, आणि चमकदार नाही म्हणून नवाही नाही.

आम्ही असे ठरवले आहे, की मडगार्ड तेवढे पत्र्यापर्यंत उतरवायचे. तेथे तिन्ही थर आम्हीच बिघडवलेले आहेत. बाकीच्या गाडीवरचे १९९९चे एनॅमल पाणी लावून हळूहळू काढता आले तर काढायचे आणि मधला थर लागताच थांबायचे. डिकीच्या झाकणावर हातभर जागेत करून पाहिले. तिसऱ्या संध्याकाळी घासण्याच्या पाण्याचा निळा बदलला, गडद झाला. कागद बाजूला ठेवून कंपाउंड घेतले. हा काळ पावसाळ्याच्या तोंडचा आहे. नायट्रोसेल्युलोज आता मोटारीच्या दुकानात सहज मिळत नाही, फर्निचरवाल्याकडे मिळते, ड्यूको म्हणूनच. मडगार्डाचे काम दिवाळीनंतर.