दिल्लीहून पानिपत : एका दिवसाची मोटारसहल कशी आखावी?

महाराष्ट्रातून दिल्लीला जाणारे बहुतेक पर्यटक लाल किल्ला, कुतुबमिनार पाहतात आणि एक दिवस आग्र्याला देतात. पानिपत मात्र राहून जाते. खरे तर दिल्लीपासून ते जेमतेम ९० किलोमीटरवर आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. अडचण अंतराची नाही. अनेक जण मोठ्या अपेक्षेने जातात, शेते आणि कारखाने पाहतात आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून परततात. कुठे काय घडले हे आधी समजून घेतले, तर हीच सहल कायम लक्षात राहते.

आधी भूगोल समजून घ्या

पानिपतावर तीन मोठ्या लढाया झाल्या. २१ एप्रिल १५२६ रोजी बाबराने इब्राहीम लोदीचा पराभव केला. ५ नोव्हेंबर १५५६ रोजी अकबराच्या सैन्याने हेमूला हरवले. १४ जानेवारी १७६१ रोजी अहमदशाह अब्दालीने सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखालील मराठा फौजेचा पराभव केला. वायव्येकडून येणारी फौज दिल्लीकडे याच वाटेने येई आणि इथल्या सपाट मैदानात मोठी सैन्ये समोरासमोर उभी राहू शकत. लढाया पुन्हा पुन्हा इथेच होण्याचे हे मुख्य कारण.

तिसऱ्या लढाईची एक गोष्ट नकाशावर जरूर पाहा. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेला, कर्नालजवळचे कुंजपुरा जिंकले. त्यानंतर अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये उभा राहिला. रसद तुटली. पानिपतच्या छावणीत सुमारे अडीच महिने उपासमार सोसल्यावर मराठे लढाईला बाहेर पडले, तेव्हा त्यांची तोंडे दक्षिणेकडे, म्हणजे दिल्लीकडे होती. आज तुम्ही दिल्लीहून गाडीने जाता, तेव्हा अब्दालीच्या बाजूने पानिपतात शिरत असता. वाटेतल्या सोनिपत, समालखा या नावांकडे लक्ष ठेवा. मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तोडला गेला तो याच पट्ट्यात.

कधी जावे?

फेब्रुवारी-मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. मे-जूनमध्ये उन्हाचा तडाखा असतो आणि उघड्या मैदानात फार वेळ थांबता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा थंडावते, पण धुरकट असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके पडते आणि महामार्गावर एकमेकांवर गाड्या आदळून मोठे अपघात होतात. १४ जानेवारीला रणभूमीवर शहिदांना आदरांजली वाहिली जाते. त्यासाठी जाणार असाल, तर आदल्या दिवशीच पानिपतला मुक्कामाला पोहोचा. हिवाळ्यात इतर दिवशीही धुके विरल्याशिवाय दिल्ली सोडू नका.

सरकारी संग्रहालये साधारणपणे सोमवारी बंद असतात, म्हणून तो दिवस टाळा.

दिवसाचा आराखडा

सकाळी ६.३० : दिल्लीतून निघा. उत्तर दिल्लीतून बाहेर पडताना बुराडीचा भाग लागतो. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले, आणि पुढच्या वर्षीच्या पानिपताची सुरुवात खऱ्या अर्थाने तिथून झाली. आज तिथे दाट वस्ती आहे, त्यामुळे मुद्दाम वाट वाकडी करण्याची गरज नाही. पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ धरा. हाच जुना जी.टी. रोड.

सकाळी ८ : सुमारे ५० किलोमीटरवर मुरथल लागते. इथले ढाबे पराठ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. पोटभर नाश्ता इथेच करून घ्या.

सकाळी ९.३० : पानिपत शहर. इथे महामार्ग लांबलचक उड्डाणपुलावरून जातो. वेळीच खालच्या रस्त्याला उतरला नाहीत, तर शहर मागे टाकून थेट कर्नालच्या दिशेला लागाल. बाजार गजबजण्याआधी शहरातली ठिकाणे उरका. बाबराने विजयानंतर बांधलेली काबुली बाग मशीद आणि इब्राहीम लोदीची कबर पाहा. एक सुलतान रणांगणावर मारला गेला, पण त्याची कबर म्हणजे साधा विटांचा चौथरा आहे. जवळच सूफी संत बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. त्याच्या आवारात उर्दू कवी अल्ताफ हुसैन हाली यांची कबर आहे.

शहरातल्या देवी मंदिरालाही जाऊन या. त्याला लागून असलेले शिवमंदिर लढाईनंतर इथेच राहिलेल्या एका मराठ्याने बांधले, असे मानले जाते.

दुपारी १२ : पानिपत संग्रहालय. तिन्ही लढायांची माहिती इथे एकत्र मिळते. रणभूमीआधी हे पाहिलेत, तर पुढचे सारे नीट उलगडते.

दुपारी २ : काला अंब. शहराबाहेर सुमारे ८ किलोमीटरवर, कुंपण घातलेल्या आवारात विटांचा स्मारकस्तंभ आहे. इथे एक आंब्याचे झाड होते आणि रक्ताने माखलेल्या मातीमुळे ते काळे पडले, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही. तिसरी लढाई सकाळी सुरू झाली. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली आणि संध्याकाळपर्यंत सारे संपले होते. एका दिवसात हजारो माणसे गेली. त्यांत सैन्याबरोबर आलेले यात्रेकरू आणि बाजारबुणगेही होते. इथे किमान तासभर द्या.

दुपारी ३.३० : परतीचा प्रवास. दिल्लीच्या वेशीवर संध्याकाळी वाहतूक तुंबते, म्हणून हाताशी दोन तासांहून अधिक वेळ ठेवा.

हे लक्षात ठेवा

- मोबाइलच्या नकाशात नुसते ‘काला अंब’ टाकू नका. याच नावाचे एक औद्योगिक गाव हिमाचल प्रदेशात आहे. ‘काला अंब, पानिपत’ असे शोधा.
- भाड्याची गाडी घेताना टोल, हरियाणाचा प्रवेशकर आणि चालकाचा भत्ता दरात धरला आहे का, हे आधीच विचारून घ्या.
- महामार्गाच्या कडेला विटांचे उंच, गोल कोसमिनार दिसतात. मोगल काळात ते अंतर दाखवत. दोन मिनारांत एक कोस, म्हणजे साधारण तीन किलोमीटर अंतर असे.
- कुंजपुरा पानिपतपासून आणखी ४०-४५ किलोमीटर पुढे आहे. तेही याच दिवसात बसवायचा मोह टाळा, नाहीतर काला अंबला पंधरा मिनिटेच मिळतील. कुंजपुरा आणि कुरुक्षेत्र यांसाठी वेगळा दिवस ठेवा.

मुलांना न्यावे का?

जरूर न्या, पण गाडीत बसल्यावर निदान दत्ताजी, विश्वासराव, भाऊसाहेब आणि इब्राहीमखान गारदी ही चार नावे तरी त्यांना सांगा. मराठीत आपण मोठ्या पराभवाला सहज ‘पानिपत झाले’ म्हणतो. ते शब्द कुठून आले, हे त्यांना त्या स्तंभापाशी उभे राहून कळेल.