वैमानिक आणि त्याला लपविणारी घरे



युद्ध, विमाने आणि वैमानिक हे विषय आमच्या नित्याच्या कामातले नव्हेत. आमचे आयुष्य गिरण्या-कारखान्यांच्या फाटकांवर गेले, आणि जे थोडेफार वाचले ते सभा संपल्यावर, रात्री, कोणाकडून तरी मागून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा आज या व्यासपीठावरून आम्ही दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण एक मुलगा आहे. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा हा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. वाचनालयातून आणलेली एक इंग्रजी कादंबरी तो अधाशासारखा वाचीत होता. 'अंडर अ वॉर-टॉर्न स्काय' हे तिचे नाव. एल. एम. इलियट या अमेरिकन लेखिकेने ती 2001 साली कुमारवयीन वाचकांसाठी लिहिली. व्हर्जिनियातल्या शेतकरी घरातला हेन्री नावाचा एकोणीस वर्षांचा वैमानिक शत्रूच्या ताब्यातील फ्रान्सवर कोसळतो आणि गावोगावच्या माणसांच्या मदतीने परत घरी पोहोचतो, अशी ती कथा आहे. मुलगा म्हणाला, "काका, काय धाडस आहे या हेन्रीचे!" आम्हीही ती वाचली. पुस्तक चांगलेच आहे. पण वाचताना आमच्या मनात एक प्रश्न सारखा येत राहिला. हेन्री पकडला गेला असता तर त्याचे काय झाले असते, आणि ज्या घरात तो सापडला असता त्या घराचे काय झाले असते?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात छापील स्वरूपात आहे. फ्रान्समधल्या जर्मन लष्करी सत्तेने सप्टेंबर 1941 मध्ये भिंतींवर जाहीरनामे लावले. विमानातून उतरलेल्या शत्रूच्या माणसाला जो पुरुष कोणत्याही प्रकारे मदत करील त्याला गोळी घालण्यात येईल, आणि स्त्री असेल तर तिला जर्मनीतील छळछावणीत पाठविण्यात येईल. पकडून देणाऱ्यास 10,000 फ्रँकपर्यंत इनाम. उलट वैमानिक स्वतः सैनिक होता. तो आपली ओळख पटवू शकला तर 1929 च्या जिनीव्हा कराराप्रमाणे युद्धकैदी ठरे. छावणीत उपासमार होती, हाल होते, पण पुष्कळदा जीव वाचे. एकाच दारात दोन माणसे उभी असत. एकाला कायद्याची छत्री होती, दुसऱ्याला नव्हती. आणि दार उघडायचे की नाही हे ठरवावयाचे असे ते दुसऱ्याने.

आम्ही आज ज्या संघटनेची हकीकत सांगणार आहोत तिला पुढे 'कॉमेट' म्हणजे धूमकेतू हे नाव पडले. ती बेल्जियममध्ये जन्मली. 10 मे 1940 रोजी जर्मन फौजा त्या देशात घुसल्या, आणि अठरा दिवसांत बेल्जियमने शस्त्रे खाली ठेवली. दोस्त राष्ट्रांचे कित्येक सैनिक मागे अडकले. ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागातील एका शाळेचे मुख्याध्यापक फ्रेडरिक द याँग यांची मुलगी आंद्रे तेव्हा चोवीस वर्षांचीही नव्हती. जाहिरातींची चित्रे काढणे हा तिचा व्यवसाय, आणि शुश्रूषेचे शिक्षणही तिने घेतले होते. वडिलांनी तिला लहानपणी एडिथ कॅव्हेलची गोष्ट सांगितली होती. पहिल्या महायुद्धात सैनिकांना पळून जाण्यास मदत केली म्हणून या इंग्रज परिचारिकेला जर्मनांनी 12 ऑक्टोबर 1915 रोजी त्याच ब्रुसेल्समध्ये गोळ्या घातल्या. म्हणजे शिक्षा काय असते हे या मुलीला घरबसल्या ठाऊक होते.

ऑगस्ट 1941 मध्ये ही आंद्रे, जिला सगळे देदे म्हणत, स्पेनमधील बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत जाऊन उभी राहिली. बरोबर एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन तरुण. ब्रुसेल्सहून फ्रान्स ओलांडून, पिरेनीज पर्वत पायी चढून आम्ही आलो, असे तिने सांगितले तेव्हा वकिलाचा विश्वासच बसेना. एवढीशी मुलगी पर्वत ओलांडून येते, हे जर्मनांचे कारस्थान तर नव्हे? हे लोक विचारात पडले, आणि ती आपली खर्चाचा हिशेब मांडून बसली. गाड्यांची तिकिटे किती, वाटाड्याचे किती, पुढच्या खेपेला माणसे आणीन तेव्हा एवढे द्या.

इथे आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाचे कान टवकारतात. इंग्रजांचे पैसे तिने घेतले, पण त्यांचे हुकूम घेतले नाहीत. आपली साखळी बेल्जियन माणसेच चालवतील, लंडनहून कोणी येऊन मुखत्यारी करणार नाही, हे तिने शेवटपर्यंत सांभाळले. बाहेरून निधी आला की धोरणही त्याच पाकिटातून येते, हा अनुभव आम्ही पुष्कळ ठिकाणी घेतला आहे. चोवीस वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवले असेल, देव जाणे.

आता ही साखळी चाले कशी ते पाहू. विमान पडे रात्री, कोठल्या तरी शेतात. छत्री पुरून टाकून वैमानिक झुडपात बसे. त्याच्या खिशात रेशमी कापडावर छापलेला नकाशा, छोटे होकायंत्र, थोडे परकी चलन आणि गोळ्या-चॉकलेटे असत. कादंबऱ्यांत या सामानाचे फार कौतुक असते. प्रत्यक्षात त्या नकाशाने तो फार तर पुढच्या गावापर्यंत जाई. तिथून पुढे लागत ती माणसे. कोणी शेतकरी त्याला गवताच्या माचावर झोपवी, कोणी शिक्षक वा पाद्री ब्रुसेल्सला निरोप पोहोचवी. मग एखादी तरुण मुलगी येऊन त्याला शहरात नेई. तरुण मुलगीच का? कारण तरुण पुरुषाला रस्त्यात पदोपदी अडवून कागद विचारीत, आणि मुलगी बरोबर असली म्हणजे जोडपे फिरावयास निघाले असे दिसे.

शहरातल्या घरातले दिवस हा या सगळ्या वृत्तान्ताचा गाभा आहे, आणि कथालेखक नेमका त्यावरून घाईने पुढे जातात. सहा फुटी अमेरिकन माणसाच्या पायाला बसेल असा जोडा बेल्जियममध्ये मिळत नसे. पाव शिधापत्रिकेवर, माणशी दिवसाला 225 ग्रॅम. पाहुण्याच्या नावाची शिधापत्रिका नसे, तेव्हा त्याचा घास घरच्यांच्या ताटातून निघे, नाहीतर काळ्या बाजारातून चढ्या भावाने येई. आणि शेजाऱ्यांना हिशेब कळतो! या घरात तीन माणसे आणि पाव मात्र पाच जणांचा, हे दुकानदाराच्या लक्षात आले तरी पुरे. घरची मंडळी कामावर गेल्यावर संडासाची साखळी ओढावयाची नाही, खिडकीशी जावयाचे नाही, जिन्यावर बूट वाजवावयाचा नाही. शिवाय पाहुण्याला माणसांत वावरावयास शिकवावे लागे. खिशात हात घालून चालू नको, गम चघळू नको, मांस कापून झाल्यावर काटा उजव्या हातात घेऊ नको, कारण अमेरिकन माणूस तेवढ्यावरून ओळखू येतो.

एका टाळेबंदीच्या वेळी आमच्या एका कार्यकर्त्याला पंधरा-वीस दिवस नजरेआड ठेवण्याची पाळी आमच्यावर आली होती. चाळीतल्या एका बाईंना विचारले. त्यांच्यापुढे युनियन, मागण्या, न्याय असे पुष्कळ बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्याला खोकला आहे का?" भिंत लाकडी फळ्यांची होती. ब्रुसेल्सच्या गृहिणींविषयी वाचताना आम्हाला त्या बाई आठवत राहिल्या. अर्थात आमच्याकडे पकडले गेलो असतो तर चार दिवस कोठडी, तिथे मरण, हा फरक विसरून चालणार नाही.

ब्रुसेल्सहून पॅरिस, पॅरिसहून रात्रीच्या गाडीने बायोन. तेथे अँग्लेत गावात एल्व्हीर द ग्रीफ नावाच्या बेल्जियन बाईंचे घर होते. त्यांचे टोपणनाव 'तांत गो', म्हणजे गो मावशी. त्यांचे यजमान जर्मन कचेरीत दुभाष्याचे काम करीत, आणि तिथले शिक्के-परवाने घरी येत. पुढे उरुन्य या गावी डोंगराच्या पायथ्याशी फ्रान्चिया नावाच्या विधवेचे शेतघर. तिला तीन मुले. तिथे दोरीच्या तळव्यांच्या चपला पायांत घालून रात्री निघावयाचे. वाटाड्या फ्लोरेंटिनो हा बास्क माणूस, धंद्याने चोरटा व्यापारी. रात्रीच्या अंधारात पायवाट त्याच्या तळपायांना ठाऊक. शेवटी बिदासोआ नदी, जी फ्रान्स आणि स्पेन यांची सीमा. पाणी कमी असेल तेव्हा एकमेकांना धरून ओलांडावयाची. डिसेंबर 1943 मध्ये पूर आलेल्या या नदीत एक अमेरिकन वैमानिक आणि बरोबरचा एक बेल्जियन कार्यकर्ता दोघेही वाहून गेले. पलीकडे स्पेन तटस्थ म्हणवीत असे, पण तिथले पोलीस पकडून छावणीत घालीत. म्हणून ब्रिटिश वकिलातीची मोटार येऊन माणसांना माद्रिदला आणि तिथून जिब्राल्टरला नेई. देदेने स्वतः अशी 118 माणसे पोहोचविली.

ही साखळी नसती तर? याचे उदाहरण आपल्याच घरचे आहे. 1971 च्या युद्धात पाकिस्तानात पकडले गेलेले आपले वैमानिक दिलीप पारुळकर हे आपल्या दोन सहकाऱ्यांसह ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून बाहेर पडले. पेशावर गाठले, लंडी कोतलपर्यंत गेले, अफगाण सरहद्द अवघी चार मैलांवर राहिली. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशावर ते रेल्वेचे ठाणे होते, पण तिथली गाडी 1932 सालीच बंद पडली होती. चौकशी करणाऱ्याला संशय आला आणि तिघे पकडले गेले. हिमतीत ते कोणापेक्षाही उणे नव्हते. गाडी बंद पडली आहे हे सांगणारी एक मावशी तेवढी त्या गावात त्यांची नव्हती.

आता किंमत. नोव्हेंबर 1942 मध्ये ब्रुसेल्सच्या मारेशाल कुटुंबाच्या दारी दोन 'अमेरिकन वैमानिक' आले. ते जर्मनांचे हेर निघाले. बाई, यजमान आणि अठरा वर्षांची मुलगी पकडली गेली, आणि त्या धाग्याने थोड्याच दिवसांत शंभराच्या आसपास माणसे तुरुंगात गेली. मारेशाल यांना एप्रिल 1943 मध्ये गोळी घातली. माय-लेकी छळछावण्यांतून कशाबशा वाचल्या. 15 जानेवारी 1943 रोजी फ्रान्चियाच्या शेतघरावर धाड पडली. देदे सापडली, तीन वैमानिक सापडले, घरची धनीण सापडली. वैमानिक युद्धकैदी झाले. फ्रान्चिया 1945 मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छावणीत मेली. देदेने वडिलांवरचा संशय टळावा म्हणून 'या साखळीची प्रमुख मीच' असे कबूल केले, तर गुप्त पोलिसांना ते खरेच वाटेना, एवढीशी मुलगी! बिल्बाओच्या वकिलासारखेच झाले. पण तिलाही राव्हेन्सब्रुक आणि माउटहाउझेन पाहावे लागले. वडिलांना फितुराने जून 1943 मध्ये पॅरिसच्या स्टेशनवर पकडून दिले, आणि 28 मार्च 1944 रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

ब्रुसेल्सचे काम पाहणारे झाँ ग्रेंडल यांची गोष्ट तर ऐकवत नाही. गरीब मुलांना जेवण देणाऱ्या स्वीडिश रेडक्रॉसच्या खानावळीआडून ते हे काम चालवीत. मृत्युदंड झालेला असताना ते एका लष्करी बराकीत कैदेत होते. 7 सप्टेंबर 1943 रोजी त्या बराकीवर दोस्त राष्ट्रांच्याच विमानांचे बाँब पडले आणि त्यांत ते गेले. ज्या आकाशातल्या माणसांना त्यांनी वाचविले त्याच आकाशातून त्यांचे मरण आले. यावर कोणी कादंबरी लिहिली तर टीकाकार म्हणतील, जुळवून आणले आहे.

एवढे प्रहार पडूनही साखळी तुटली नाही, कारण प्रत्येक कडीला फक्त पुढची कडी ठाऊक होती. 1944 मध्ये बाँबहल्ल्यांनी रेल्वे मोडल्या, तेव्हा माणसे स्पेनला नेणे थांबवून फ्रेतव्हालच्या जंगलात तंबूंत ठेवली. ऑगस्टमध्ये दोस्त फौजा पोहोचल्या तेव्हा तिथे सव्वाशेवर वैमानिक होते. त्यांचा रोजचा पाव, दूध, भाजी आसपासच्या खेड्यांतून येई, जर्मनांच्या नाकासमोर.

हिशेब असा सांगतात: कॉमेटने मदत केलेली माणसे सुमारे 776, राबलेले हात सुमारे 3,000, पकडले गेलेले सुमारे 700, आणि गोळी लागून वा कैदेत मेलेले सुमारे 290. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. शस्त्र न उचलता झुंजावयाचे हे त्यांचे ब्रीदच होते. या हातांत स्त्रियांचे हात अधिक होते.

युद्धानंतर देदेला पदके मिळाली, 1985 मध्ये बेल्जियमच्या राजाने सरदारकीही दिली. ती मात्र आफ्रिकेत कुष्ठरोग्यांच्या इस्पितळांत काम करीत राहिली, आणि 2007 मध्ये ब्रुसेल्सला वारली. फ्लोरेंटिनोलाही लंडनला पदकासाठी बोलाविले. धंदा काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, आयात-निर्यात, असे सांगतात. सुटलेल्या वैमानिकांनी आपल्या यजमानांच्या कुटुंबांची विचारपूस करण्यासाठी एक संस्था काढली होती. ती 1995 साली बंद झाली.

इलियटबाईंनी 2009 मध्ये आपल्या कादंबरीचा दुसरा भाग लिहिला, 'अ ट्रबल्ड पीस'. त्यात हेन्री सुखरूप घरी आहे, पण त्याला झोप येत नाही. आपल्याला वाचविणाऱ्या पियेर नावाच्या पोराचे पुढे काय झाले हे शोधावयास तो फ्रान्सला परत जातो. आमच्या प्रश्नाशी लेखिकाही येऊन ठेपली म्हणावयाची. आम्ही त्या मुलाला हे सांगितले. तो लगेच वाचनालयात गेला, पण तिथे पहिलाच भाग आहे. मागणीच्या वहीत त्याने दुसऱ्याचे नाव लिहिले आहे, आणि त्याखाली आम्हीही सही करून आलो आहोत.