मित्रबुरशी ट्रायकोडर्मा

बुरशी म्हटले की लोणच्यावर आलेली पांढरी साय किंवा पावसाळ्यात चपलांवर चढणारा हिरवट थर आठवतो. हरभरा पिकविणाऱ्या शेतकऱ्याला मात्र या शब्दाने धडकी भरते. हरभऱ्यावरील 'मर' रोग फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीमुळे होतो. ती मुळांवाटे झाडात शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाच बंद करते. हिरवे रोप माना टाकते. खोड उभे चिरले तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. तोवर फवारणीची वेळ निघून गेलेली असते. शेतात हरभरा नसला, तरी ही बुरशी मातीत सहा वर्षांपर्यंत तग धरू शकते.

अशा शत्रूवर उतारा म्हणून वापरली जाते तीही बुरशीच. तिचे नाव ट्रायकोडर्मा. रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये दाखवून दिले, की ट्रायकोडर्मा ही रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीवर परोपजीवी म्हणून जगते. तिचे तंतू शत्रूच्या तंतूंना वेटोळे घालतात. मग कायटिनेज व ग्लुकनेज ही विकरे स्रवून त्यांच्या पेशीभित्तिका विरघळवितात आणि आतील द्रव्य शोषून घेतात. याखेरीज ती प्रतिजैविके तयार करते आणि झपाट्याने वाढून मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते. झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही तिच्या सहवासात जागी होते.

वापर सोपा आहे. पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास साधारण 4 ते 5 ग्रॅम भुकटी चोळून बी सावलीत सुकवितात किंवा चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून ती जमिनीत देतात. सेंद्रिय पदार्थ हे तिचे अन्न असल्याने उघड्या, कोरड्या मातीत तिचे फारसे चालत नाही.

येथेच अनेकदा फसगत होते. पाकिटात भुकटी दिसत असली तरी आत सजीव बीजाणू असतात. दुकानात उन्हात पडलेले किंवा मुदत संपलेले पाकीट म्हणजे नुसती शंखजिऱ्याची पूड. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक तर रोगाच्या बुरशीबरोबर या मित्रालाही मारते. दोन्ही एकत्र चोळणे म्हणजे पैसे मातीत घालणे. शिवाय ट्रायकोडर्मा हा प्रतिबंध आहे, औषध नव्हे. मर लागलेले झाड ती उठवून उभे करीत नाही. 'विजय', 'दिग्विजय' यांसारखे रोगप्रतिकारक वाण आणि पिकांची फेरपालट यांच्या जोडीनेच तिचा गुण येतो.

तिची मैत्री सर्वांशीच आहे, असेही नाही. 1980च्या दशकात आयर्लंड व ब्रिटनमधील बटण अळिंबीच्या उत्पादकांना हिरव्या बुरशीने हैराण केले होते. ती ट्रायकोडर्माचीच एक जात निघाली. अळिंबी हीही बुरशीच असल्याने तिला ट्रायकोडर्माचे सोयरसुतक नाही. अळिंबीच्या शेडमध्ये त्यामुळे आजही हिरवा ठिपका दिसताच धावपळ उडते.