बाळाच्या अंगावरील पहिलें वस्त्र

राजेरजवाड्यांच्या शालूशेल्यांचा आणि पागोट्यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. परंतु मनुष्याच्या अंगावर जें पहिलें वस्त्र चढतें, त्याची दखल इतिहासकारांनीं क्वचितच घेतली. याचें एक कारण उघड आहे. तें वस्त्र टिकत नाहीं. एखाद्या राजपुत्राची जरीची कुंची पेटींत जपून ठेवली जाते. बाळोतें मात्र धुऊन धुऊन विरतें आणि अखेरीस स्वयंपाकघरांतील फडकें होऊन संपतें. दुसरें कारण असें कीं, जें काम बायकांनीं घराच्या आंत केलें, तें दप्तरांत नोंदविण्याची चाल कोणत्याच देशांत फारशी नव्हती.

महाराष्ट्रांतील घरांत दिवस भरत आले कीं, वडीलधारी बाई जुनें लुगडें शोधून काढी. त्यांतील खळ अनेक धुण्यांनीं निघून गेलेली असे आणि सूत मऊ पडलेलें असे. त्याचीं बाळोतीं व दुपटीं होत आणि दोनचार पदर एकावर एक शिवून गोधडी होई. नवीं झबलीं, टोपडीं, कुंच्या हा सारा थाट बाळंतविड्याबरोबर बारशाला यावयाचा. तोंपर्यंत बाळाला नवें कापड लावावयाचें नाहीं, असा दंडक पुष्कळ घरांत असे. दृष्ट लागेल, सटवाईचा कोप होईल, अशीं कारणें त्यासाठीं सांगितलीं जात. शिकलेल्या पिढीनें हीं कारणें हसण्यावारी नेलीं, व त्यांत तिची चूक नव्हती. पण कारण खोटें ठरलें म्हणजे आचारहि निरर्थक ठरतो, असें मात्र नाहीं.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत बालकाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयीं जो विचार आहे, तो या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. हीं वस्त्रें मऊ, हलकीं, स्वच्छ व सुगंधी असावीं. घाम, मळ, मलमूत्र लागलेलीं किंवा जंतु असलेलीं टाकून द्यावीं. परंतु दुसरीं मिळण्याजोगीं नसतील, तर तींच नीट धुऊन, धुरी देऊन, पूर्ण कोरडीं करून वापरावीं, असें तेथें सांगितलें आहे. ‘जंतु’ या शब्दानें सूक्ष्मदर्शकांतील जंतु समजण्याचें कारण नाहीं. डोळ्यांना दिसणारे किडेच तेथें अभिप्रेत असावेत. अधिक महत्त्वाची आहे ती दुसरीं वस्त्रें न मिळण्याची तरतूद. ज्यानें ती लिहिली, त्यानें दोनच बाळोत्यांवर दिवस काढणारें घर पाहिलें असलें पाहिजे. धुरीसाठीं जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड हीं द्रव्यें सांगितलीं आहेत. बाळंतिणीच्या खोलींतील शेगडी आणि धुरी यांचें नातें इतकें जुनें आहे.

युरोपांतील रीत अगदीं निराळी होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोम येथें वैद्यकी करणारा सोरेनस यानें नवजात बालकाला पट्ट्यांनीं कसें गुंडाळावें, याचें तपशीलवार वर्णन केलें आहे. पट्ट्या लोकरीच्या, स्वच्छ, मऊ आणि तीन ते चार बोटें रुंद असाव्यात. हात, छाती, पाय असे क्रमाक्रमानें बांधीत जावें. पुढें कांहीं आठवड्यांनीं एकेक अवयव मोकळा करावा. कोवळीं हाडें न बांधल्यास वांकडीं वाढतील, ही भीति त्यामागें होती. सोरेनस सावध वैद्य होता. पण त्याच्या मागून आलेल्या दाया तितक्या सावध राहिल्या नाहींत. पुढील दीडहजार वर्षें युरोपांतील बालक आयुष्याचे पहिले महिने एखाद्या गाठोड्यासारखें काढीत असे. घट्ट बांधलेलें मूल निपचित पडून राहतें आणि दाईला इतर कामांस मोकळीक मिळते, ही सोयहि रूढीला बळकटी देणारी होती. पट्ट्या वारंवार सोडणें कष्टाचें असल्यामुळें ओलें मूल तासन्‌तास ओलेंच राही.

या रूढीला मोठा धक्का बसला तो लंडन येथील एका अनाथ बालकाश्रमाच्या निमित्तानें. थॉमस कोरम नांवाचा एक दर्यावर्दी कप्तान होता. लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेलीं अर्भकें पाहून तो अस्वस्थ झाला, आणि अनेक वर्षें खटपट करून 1739 मध्यें त्यानें राजाकडून सनद मिळविली. 1741 मध्यें आश्रमाचीं दारें उघडलीं. शेंकडों नवजात मुलें एका छपराखालीं आल्याबरोबर, प्रत्येक घरांतील आजी ज्या गोष्टी न बोलतां ठरवीत असे, त्या आतां समितीला ठरवाव्या लागल्या. मुलाला काय घालावें, किती घालावें, केव्हां बदलावें?

आश्रमाच्या एका विश्वस्ताला लिहिलेल्या पत्राच्या रूपानें विल्यम कॅडोगन या वैद्यानें 1748 मध्यें एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. नवजात मुलाला जितकें ऊबदार ठेवावें तितकें थोडेंच, ही समजूत त्यानें प्रथम खोडून काढली. मुलें कपड्यांच्या ओझ्यानें व आवळण्यानें दुबळीं होतात, असें त्याचें म्हणणें. त्यानें सुचविलेला पोषाख साधा होता: मागें सैल बांधावयाची बिनबाह्यांची फ्लॅनेलची बंडी, तिला जोडलेला घागरा, आणि वर तशाच हलक्या कापडाचा एक झगा. मूल बाहेर चिखलांत धांवूं लागेपर्यंत त्याला मोजे-जोडे नकोत. कपडे स्वच्छ असावेत व वरचेवर बदलावेत. हें सारें सांगतांना बायकांच्या हातून बालसंगोपनाचें काम काढून शहाण्या पुरुषांच्या हातीं द्यावें, असाहि सूर त्यानें लावला आहे. तो आज कोणास रुचणार नाहीं, आणि मऊ लुगड्यांतील उघड्या हातापायांचें बालक त्यानें पाहिलें असतें, तर तो तरी तसें लिहिता ना. पुढें 1762 मध्यें रूसोनें आपल्या ‘एमील’ या ग्रंथांत पट्ट्यांविरुद्ध असाच हल्ला चढविला. त्याची कीर्ति मोठी असल्यानें श्रेय बहुधा त्यालाच मिळतें.

त्या आश्रमांत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलासाठीं एक छापील कागद भरला जाई. त्यावर कपड्यांची यादीच होती: टोपी, कपाळपट्टी, लाळेरें, झगा, घागरा, बाह्या, गळपट्टी, कंबरपट्टा, लंगोट, मोजे, जोडे, अशीं वीसांहून अधिक नांवें. कॅडोगनची तक्रार अतिशयोक्तीची नव्हती, हें त्या यादीवरूनच समजतें. मुलाच्या अंगावर जें असेल त्यापुढें कारकून नोंद करी. त्यानंतर मुलाला नवें नांव मिळे, आश्रमाचे कपडे मिळत, आणि दूध पाजणाऱ्या दाईकडे त्याची खेड्यांत रवानगी होई. पुढें कधीं आई परत आली, तर तिचें मूल ओळखावयाचें कसें? आईचें नांव तर विचारलेलें नसे. म्हणून मुलाच्या बाहींतून किंवा आईनें आणलेल्या कापडांतून एक तुकडा कापून तो कागदाला टांचून ठेवीत. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीला अमुक रंगाचें, अमुक फुलांचें कापड एवढें सांगतां येत असे.

असे सुमारें 5,000 तुकडे शिल्लक आहेत. गरिबांच्या रोजच्या वापरांतील अठराव्या शतकांतील कापडांचा एवढा संग्रह ब्रिटनमध्यें दुसरा नाहीं. त्यांत फुलापानांचीं छापील कापडें पुष्कळ आहेत. हिंदुस्थानांतील छिटांनीं इंग्लंडच्या बाजारपेठेला असें वेड लावलें होतें कीं, तेथील लोकरीच्या व रेशमाच्या विणकरांच्या रक्षणासाठीं 1721 मध्यें बहुतेक छापील सुती कापडांच्या विक्रीवर व वापरावर कायद्यानें बंदी आली. ती 1774 मध्यें उठली. तरी छिटाची हौस मोडली नाहीं. तागाच्या आणि मिश्र धाग्याच्या कापडावर तशीच फुलें छापून ती भागविली गेली, आणि अत्यंत दरिद्री आयांच्या मुलांच्या बाह्यांवरहि ती पोहोंचली.

1741 ते 1760 या काळांत आश्रमांत 16,282 बालकें दाखल झालीं. त्यांपैकीं परत नेलीं गेलीं तीं अवघीं 152. पुष्कळशीं आधींच दगावलीं होतीं. विशेषतः 1756 पासून चार वर्षें येईल तें मूल घेण्याची अट पार्लमेंटनें घातल्यावर मृत्यूंची संख्या फारच वाढली. एका आईनें 1767 मध्यें निरनिराळ्या चिंध्या जोडून केलेल्या एका वस्तूचे दोन भाग केले. तिच्यावर लाल दोऱ्यानें हृदयाची आकृति भरलेली होती. तीहि अर्धी कापली गेली. एक अर्ध मुलाबरोबर राहिलें. 1775 मध्यें ती परत आली आणि आठ वर्षांचा मुलगा तिला मिळाला. हे तुकडे 2010 मध्यें लंडनच्या फाउंडलिंग म्यूझियममध्यें प्रदर्शनांत मांडले गेले, तेव्हां त्यांचे रंग पाहून लोक चकित झाले. बंद वह्यांत राहिल्यामुळें त्यांना ऊन लागलें नव्हतें.

एकोणिसाव्या शतकांत वस्त्रें सुटसुटीत झालीं. पट्ट्या व लंगोट साध्या टांचण्यांनीं अडकविण्याचा धोका वॉल्टर हंट या अमेरिकन कारागिरानें 1849 मध्यें टोंक झांकणारी पिन शोधून कमी केला; तिचे हक्क त्यानें 400 डॉलरांना विकून टाकले. पण नव्या सोयींबरोबर नवीं संकटेंहि आलीं. 1886 मध्यें इंग्लंडांतील रेनर या डॉक्टरला इस्पितळांतील कांहीं नवजात मुलें निळीं पडलेलीं आढळलीं. कारण बाळोत्यांवर होतें. त्यांवर ॲनिलीन रंगाच्या शाईनें शिक्के मारले होते आणि तीं न धुतां वापरलीं होतीं. हा रंग कोवळ्या त्वचेंतून रक्तांत गेला कीं, रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते. जुनें, शंभरदां धुतलेलें कापड वापरणाऱ्या घरांत हा प्रकार घडण्याचें कारणच नव्हतें. आजींना ॲनिलीन ठाऊक नव्हतें; सटवाई ठाऊक होती.

परंतु जुनें तें सगळेंच निर्धोक, असेंहि नाहीं. थोरल्या मुलाचीं झबलीं, कुंच्या, लोकरी टोपडीं धाकट्यासाठीं ट्रंकेंत जपून ठेवण्याची चाल आहे आणि कसर लागूं नये म्हणून घडींत डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात. या नॅफ्थलीनच्या वाफेनें कांहीं नवजात मुलांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात व तीव्र कावीळ होते. 1963 मध्यें ग्रीसमधील डॉक्टरांनीं अशा 21 अर्भकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रक्तांतील एका विशिष्ट द्रव्याची उणीव जन्मतः असलेल्यांना याचा धोका सर्वांत अधिक असतो, आणि ती उणीव भारतांतील कांहीं जमातींतहि आढळते. घट्ट गुंडाळण्याचा दोषहि पुढें निराळ्या रीतीनें सिद्ध झाला. पाय सरळ ताणून बांधल्यानें खुब्याचा सांधा निखळतो, हें लक्षांत आल्यावर जपानांत 1975 पासून आयांना तसें न करण्याविषयीं देशभर शिकविण्यांत आलें, आणि तेथील या विकाराचें प्रमाण झपाट्यानें घटलें. दुपट्यांत बाळाला ऊब मिळावी. गुडघे मात्र वांकवून बाजूला पसरतां येतील इतकी जागा आंत असावी.

डांबराच्या गोळ्यांत राहिलेले कपडे नवजात बाळाच्या अंगाला न लावणेंच बरें. ज्यांना ट्रंकेंतील कुंची धाकट्यासाठीं ठेवावयाचीच आहे, त्यांनीं ती आधीं धुऊन, उन्हांत कडकडीत वाळवून, जुन्या बायकांप्रमाणें घडींत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी.