लहान मोटारसायकलींवरील लांब पल्ल्याचा सामूहिक प्रवास : सेलू व परिसर

साधारण ९७ ते १५० सीसी इंजिनाच्या मोटारसायकलींवर काही जणांनी मिळून, वेळ-मार्ग ठरवून केलेला, शंभर-दोनशे किलोमीटरच्या पुढे जाणारा प्रवास. परभणी जिल्ह्यातील सेलू आणि त्याभोवतीचा पाथरी, मानवत, जिंतूर, परतूर, मंठा हा टापू अशा प्रवासाच्या मराठवाडी रीतीचे चांगले उदाहरण आहे. इथे लांबच्या पल्ल्यावर गाडी निघते ती बहुधा कामाने. तुळजापूरहून किंवा माहूरहून ज्योत आणायची असते, शिर्डीला दर्शनाला जायचे असते, शिवजयंतीला शिवनेरी गाठायचा असतो, नाहीतर पुण्याच्या कामावरून दिवाळीला घरी यायचे असते. लडाख आणि स्पितीच्या मोठ्या गाड्यांवरील सफरींवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. रोज शेतावर जाणाऱ्या गाडीवरून दोन दिवसांत पाचशे किलोमीटर करणाऱ्यांवर फारसे नाही. अंतर, तयारी आणि सोसणे यांपैकी कोणतीही कसोटी लावली तरी हा प्रवास कमी ठरत नाही.

गाव आणि रस्ते. सेलू दुधना नदीच्या खोऱ्यात, काळ्या कापसाच्या जमिनीत वसले आहे. मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग गावातून जातो. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे म्हणून हा मार्ग मीटरगेजवर घालण्यात आला. त्यामुळे परभणी, नांदेड, जालना, छत्रपती संभाजीनगर ही शहरे रेल्वेने सोपी आहेत. पण माहूर आणि शिवनेरीचे जुन्नर रेल्वेच्या वाटेवर नाहीत, तुळजापूरला सेलूहून थेट गाडी नाही आणि पुण्याला जायचे तर मनमाड-दौंडचा वळसा पडतो. रस्त्याने मात्र सेलू सोयीचे आहे. मंठा, देवगाव फाटा, सेलू, पाथरी, सोनपेठ, परळी, अंबाजोगाई, लातूर असा दक्षिणोत्तर जाणारा ५४८-बी राष्ट्रीय महामार्ग आणि कल्याणहून अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, नांदेड करत निर्मलला जाणारा ६१ क्रमांकाचा महामार्ग पाथरीला एकमेकांना मिळतात. सेलूकर दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे निघाला की पहिला चहा पाथरीला होतो, याचे कारण हेच.

पाथरी हे साईबाबांचे जन्मगाव आणि त्यांचे गुरू वेंकुशा सेलूचे, अशी साईभक्तांमधली एक परंपरा आहे. सेलूत केशवराज बाबासाहेब महाराजांचे मंदिर आहे. सेलू, पाथरी आणि शिर्डी ही तीन ठाणी भाविक म्हणूनच एका धाग्यात धरतात. शिर्डी इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे पहाटे निघालेला गट दुपारच्या आरतीला पोचू शकतो.

गाडी. ऐंशीच्या दशकापर्यंत खेड्यातली मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी किंवा बुलेट. ज्याला ती परवडत नसे त्याच्याकडे पुण्याच्या कायनेटिकची १९७२ साली आलेली लूना. लांब जायचे तर एसटी होतीच. चित्र बदलले ते १९८५ च्या आगेमागे, जपानी कंपन्यांच्या भागीदारीत शंभर सीसीच्या गाड्या आल्या तेव्हा. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या, आणि त्याच वर्षी मराठवाड्यात, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. आरएक्स चपळ, पण टू-स्ट्रोक. पेट्रोल जास्त पिणारी आणि सोबत ऑइल मागणारी. फोर-स्ट्रोक सीडी १०० ने आणि १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरने खरा फरक केला. ९७.२ सीसी, आठ अश्वशक्तीच्या जवळपास ताकद, शंभर-सव्वाशे किलोच्या आतले वजन, दहाएक लिटरची टाकी आणि साठ-सत्तरचे ॲव्हरेज. टाकी फुल केली की सेलूहून तुळजापूरला जाऊन परत येता येते. पुढे बजाजच्या सीटी १०० आणि प्लॅटिना, १२५ सीसीच्या गाड्या आणि २००१ पासून पल्सर या वर्गात आल्या, तरी गटाचा वेग आजही शंभर सीसीची गाडीच ठरवते.

हा वेग ताशी पन्नास-पंचावन्नचा. एवढ्यावर इंजिन तासन् तास विनातक्रार चालते. सत्तरच्या वर गेले की हँडल थरथरते, ॲव्हरेज पडते, आणि डबल सीट असेल तर समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याचा धक्का पुरता बसतो. परळी सोडून बालाघाटावर अंबाजोगाईकडे चढताना दोन माणसे आणि एक बॅग घेतलेली गाडी तिसऱ्या गिअरवर येते. तिथे चौथ्याचा हट्ट धरणारा इंजिनाला मारतो. इंजिन हवेवर थंड होणारे, म्हणून साठ-सत्तर किलोमीटरला दहा मिनिटे सावली हवी, विशेषतः परभणीच्या बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात. ती विश्रांती गाडीइतकीच माणसाच्या कंबरेलाही लागते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांचे कार्बोरेटर गेले. कार्बोरेटरची गाडी वाटेत अडली तर पेट्रोलचा कॉक बंद करून, प्लग काढून, काजळी घासून माणूस पुढे जात असे. कॉक रिझर्व्हला लावला की पुढच्या पंपापर्यंत धीर मिळे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला चोक नाही, रिझर्व्ह नाही, आणि बॅटरी पूर्ण उतरली तर किक मारूनही ती दाद देईलच असे नाही. नवी गाडी कमी वेळा अडते हे खरे, पण अडली की खेड्यातल्या मिस्त्रीकडून लगेच उठत नाही. गटात एखादी जुनी गाडी आणि ती उघडता येणारा एक माणूस असावा, तो यासाठी.

ज्योत. या सगळ्या प्रवासांत गाडीची आणि माणसाची खरी परीक्षा घेणारा प्रकार हाच. नवरात्राच्या घटस्थापनेआधी गावोगावची मंडळे तुळजापूरला भवानीच्या किंवा माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जातात, तिथे ज्योत पेटवतात आणि ती विझू न देता गावापर्यंत पळत आणतात. जाताना सगळे गाड्यांवर असतात, येताना एक जण ज्योत घेऊन बहुधा अनवाणी धावतो आणि बाकीचे मागेपुढे गाड्यांवर राहून आळीपाळीने त्याची जागा घेतात. तेल, पाणी, अंथरूण आणि थकलेली मुले सोबतच्या टेम्पोत असतात. सेलू ते तुळजापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर धरले आणि धावण्याचा वेग ताशी नऊ किलोमीटर धरला, तर न थांबता पंचवीसहून अधिक तास लागतात. म्हणजे एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र.

यात गाडीचे हाल होतात ते वेगामुळे नव्हे, मंदपणामुळे. धावणाऱ्याच्या बरोबरीने चालायचे तर गाडी सतत पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर ठेवावी लागते. समोरून वारा नाही, त्यामुळे इंजिन तापते. आतले ऑइल पातळ होते. क्लचप्लेट घासून जळल्याचा वास येऊ लागतो आणि मग एक्सिलेटर पिळला तरी गाडी नुसती ओरडते, पळत नाही. जाणती मंडळे यावर साधा उपाय करतात. गाड्या धावणाऱ्याशेजारी चालवतच नाहीत. एक जोडी किलोमीटरभर पुढे जाते, इंजिन बंद करते, पुढचा धावणारा उतरून पाय मोकळे करतो. ज्योत आली की तो ती घेतो आणि आधीचा मागे बसतो. ती जोडी पुन्हा पुढे. टेम्पो मात्र ज्योतीच्या मागे, चारी इंडिकेटर लावून. अशी पाळी लावली तर शंभर सीसीची गाडी रात्रभर कुरकुरत नाही, आणि धावणाऱ्याच्या छातीत धूरही जात नाही.

शिवजयंतीच्या ज्योतीची रीतही अशीच. फक्त शिवनेरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि १९ फेब्रुवारीच्या आसपासच्या रात्री माळावर चांगला गारठा असतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात हिवाळ्यात पारा एक आकड्यावर उतरल्याच्या नोंदी होत असतात. उघड्या गाडीवर तो गारठा आणखी झोंबतो. छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते.

दिवाळी. चाकण, भोसरी, हिंजवडीत कामाला गेलेली मराठवाड्याची मुले दिवाळीला गाड्यांवर घरी येतात. खासगी बसचे भाडे त्या आठवड्यात वाढलेले असते, एसटीला जागा नसते आणि गाडी गावात फिरायलाही लागते. पुणे ते सेलू साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर; अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी करत आठ-नऊ तास. एकाच गावची चार-पाच मुले मिळून निघतात. २०२० च्या टाळेबंदीत एसटी आणि रेल्वे बंद होत्या तेव्हा याच रस्त्यांनी असंख्य कुटुंबे दुचाकीवरच मराठवाड्यात परतली. व्हिएतनाममध्ये तेत या नववर्षाला आणि इंडोनेशियात ईदला शहरातली माणसे अशीच लहान मोटारसायकलींवर गावी जातात. इंडोनेशियात तर त्या काळात सरकार दुचाक्या रेल्वेने फुकट गावाकडे पोचवते, म्हणजे लोक लांबच्या पल्ल्याला रस्त्यावर येऊ नयेत. आपल्याकडे रेल्वेत गाडी चढवायची तर पार्सल म्हणून नोंदवावी लागते, टाकी रिकामी करून. दिवाळीत मनमाड-दौंड मार्गाने असा एखादा स्वस्त डबा सोडला तर बरेच अपघात टळतील.

चालण्याची रीत. सर्वांत हळू गाडी पुढे आणि अवजारे असलेली, जाणत्याची गाडी शेवटी, ही रीत सर्वांत चांगली. उलट केले तर पुढची मुले सुटतात, मागची त्यांना गाठायला पळतात आणि ओव्हरटेकचा धोका तिथेच होतो. निघण्याआधी चेन ताणून तिला तेल, हवा, ब्रेकचे लायनर आणि क्लच वायर बघणे एवढे घरी होते. अनुभवी माणूस नवी क्लच वायर जुन्या वायरीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवतो; तुटली की टोके बदलायची आणि निघायचे. ट्यूबचे टायर असेल तर एक ट्यूब सोबत लागते, कारण रात्री अकरानंतर पंक्चरवाला मिळत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार चालकामागे एकच माणूस बसू शकतो आणि १२९ व्या कलमानुसार हेल्मेट सक्तीचे आहे. यात्रेला निघालेल्या गाडीवरची ट्रिपल सीट आणि डोक्याला बांधलेले नुसते उपरणे, दोन्ही कायद्याबाहेर आहेत. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून शिर्डीचा गट जालना, छत्रपती संभाजीनगर या जुन्या रस्त्यानेच जातो.

रात्र. या प्रवासातले मोठे अपघात घडतात ते बहुधा अंधारात. लहान गाडीचा दिवा तोकडा असतो, समोरच्या गाडीने डिपर दिला नाही तर डोळ्यांपुढे काही क्षण काहीच उरत नाही, आणि पहाटे तीन ते पाच झोप आवरत नाही. पाथरी, माजलगाव, सोनपेठ हा उसाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर याच रस्त्यांवर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, लाल पट्टी नसते, आणि बाहेर आलेली उसाची टोके दहा-पंधरा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाहीत. पंचावन्नच्या वेगाला तेवढ्यात थांबता येत नाही. मंडळांनी रात्री दहा ते पहाटे पाच गाड्या उभ्या ठेवाव्यात, ज्योतीला ते शक्य नसेल तर टेम्पोशिवाय पुढे जाऊ नये; आणि कारखान्यांनी, वजनकाट्यावर येणाऱ्या पहिल्या ट्रॉलीपासून, मागे लाल परावर्तक पट्टी नसेल तर ऊस उतरवून घेऊ नये.